लेप कागदावरून यंत्रात नेणारा संशोधक : चेस्टर कार्लसन

न्यायालयाच्या आवारात, तहसील कचेरीच्या दारात, महाविद्यालयाच्या फाटकासमोर मराठी माणूस ज्या कामाला नुसते ‘झेरॉक्स’ म्हणतो, त्या शब्दामागे अमेरिकेतील एका अबोल संशोधकाचे आयुष्य उभे आहे. चेस्टर फ्लॉइड कार्लसन यांचा जन्म ८ फेब्रुवारी १९०६ रोजी सिएटल येथे झाला. वडील व्यवसायाने केशकर्तक. क्षय आणि संधिवात यांनी त्यांना जर्जर केले होते. कुटुंब पुढे कॅलिफोर्नियात स्थिरावले, पण दारिद्र्याने पाठ सोडली नाही. आठव्या वर्षापासून मिळेल ते काम करणारा हा मुलगा चौदाव्या वर्षी घरातील मुख्य मिळवता झाला. तो सतरा वर्षांचा असताना आईही क्षयाने गेली.

शाळकरी वयातच एका मुद्रकाकडे काम करताना एक जुने छपाईयंत्र त्याच्या हाती आले. त्यावर रसायनशास्त्राची आवड असणाऱ्यांसाठी त्याने छोटे नियतकालिक काढून पाहिले. ते फार काळ चालले नाही. मात्र मनातील मजकूर कागदावर उमटविणे किती कष्टाचे असते, हे त्याला तेव्हाच उमगले.

१९३० मध्ये कार्लसन यांनी कॅल्टेकमधून भौतिकशास्त्राची पदवी घेतली. महामंदीच्या त्या दिवसांत त्यांनी ८२ कंपन्यांकडे अर्ज केले. अखेर न्यूयॉर्कमध्ये नोकरी मिळाली, ती १९३३ मध्ये गेली, आणि नंतर ते विद्युत सामग्री बनविणाऱ्या एका कंपनीच्या पेटंट विभागात रुजू झाले. तेथे दस्तऐवज व आराखडे यांच्या प्रतींची सतत निकड भासे. प्रत हवी तर पुन्हा टंकलेखन करा, नाहीतर छायाचित्र काढवून घ्या. एकात वेळ जाई, दुसऱ्यात पैसा. रात्री ते कायद्याचे शिक्षण घेत. पुस्तके विकत घेण्याची ऐपत नसल्याने सार्वजनिक ग्रंथालयात बसून उतारेच्या उतारे हाताने लिहून काढीत. त्यातच मणक्याचा संधिवात त्यांना छळू लागला होता.

त्या काळी प्रत काढण्याच्या बहुतेक पद्धतींची भिस्त कागदावरील रासायनिक लेपावर होती. प्रकाश त्या लेपावर पडे आणि रसायनांच्या साहाय्याने चित्र उमटे. म्हणजे प्रत्येक प्रतीमागे नवा लेपित कागद खर्ची पडणार. मोठ्या कंपन्यांनी ही वाट पुरती धुंडाळली असणार, हे ओळखून कार्लसन यांनी रसायने बाजूला ठेवली आणि स्थिर विद्युतीचा विचार सुरू केला. लेप एकदाच एखाद्या पत्र्यावर द्यावा, चित्र त्यावर उमटवावे आणि तेथून ते कागदावर उतरवून घ्यावे, ही त्यांची कल्पना होती. १९३७ मध्ये त्यांनी पेटंटसाठी पहिला अर्ज केला. प्रयोग घरच्या स्वयंपाकघरात चालत; तापविलेल्या गंधकाच्या वासाने शेजारी हैराण होत.

पुढे अ‍ॅस्टोरिया भागात एक लहानशी खोली मिळाली आणि ओटो कोर्नेई हे निर्वासित ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञ मदतीला आले. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी गंधकाचा लेप दिलेला जस्ताचा पत्रा रुमालाने घासून विद्युतभारित करण्यात आला. तारीख व स्थळनाम लिहिलेली काचपट्टी त्यावर ठेवून काही सेकंद प्रखर दिवा लावला. जेथे प्रकाश पडला तेथील विद्युतभार ओसरला. अक्षरांच्या छायेतला टिकून राहिला. लायकोपोडियमची बारीक पूड भुरभुरून फुंकताच अक्षरे दिसू लागली. मग मेणकागद दाबून तो ऊब दिल्यावर अक्षरे कागदावर कायम झाली.

विजय मात्र दूर होता. कोर्नेई लवकरच दुसरीकडे नोकरीला गेले. १९३९ ते १९४४ या काळात वीसहून अधिक कंपन्यांनी हा शोध नाकारला. पेटंट १९४२ मध्ये मिळाले, पण यंत्र कोणीच करेना. पहिला विवाहही १९४५ मध्ये घटस्फोटात संपला. १९४४ मध्ये ओहायो राज्यातील बॅटेल संस्थेने संशोधनाची जबाबदारी घेतली. तेथे गंधकाऐवजी सेलेनियमचा अधिक संवेदनशील लेप सापडला. त्यानंतर रॉचेस्टरची हॅलॉइड ही छोटी कंपनी पुढे आली. तिचा धंदा छायाचित्रणाच्या लेपित कागदाचा. तरीही प्रत काढताना असा कागद अनावश्यक ठरविणाऱ्या यंत्रावर तिने आपले भवितव्य पणाला लावले.

१६ सप्टेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये ‘झेरॉक्स ९१४’ लोकांसमोर आले. सुमारे २९४ किलो वजनाचे ते यंत्र मिनिटाला सात प्रती काढी, आणि त्याही साध्या कागदावर. पूड वितळविणाऱ्या उष्णतेने अडकलेला कागद कधी पेटही घेई, म्हणून यंत्रासोबत छोटे अग्निशामक दिले जाई. लेप आता यंत्राच्या पोटात कायमचा बसला होता. कचेरीतला कोणताही साधा ताव प्रतीसाठी चालू लागला.

कार्लसन यांना अमाप संपत्ती मिळाली. त्यांनी सुमारे १० कोटी डॉलर दान केले, त्यातील बरेचसे नाव न लावता. दुसऱ्या पत्नी डॉरिस यांच्या सहवासात ते वेदान्त व झेन विचारांकडे वळले. १९ सप्टेंबर १९६८ रोजी न्यूयॉर्कच्या एका चित्रपटगृहात त्यांचे निधन झाले.

साध्या कागदावर रंगीत प्रत काढणारे झेरॉक्सचे यंत्र १९७३ मध्ये आले. पुढे रंगांना झळाळी हवी म्हणून लेपित कागद पुन्हा दुकानात आला, आता आर्ट पेपर वा ग्लॉसी पेपर या नावाने. मात्र टोनर ही उष्णतेने वितळणारी प्लास्टिकयुक्त पूड असल्याने कागदावरील लेपालाही ती उष्णता सोसावी लागते. शाईच्या प्रिंटरसाठी बनविलेला चकचकीत कागद लेझर यंत्रात घातला, तर त्याचा लेप वितळून तापलेल्या रुळाला चिकटू शकतो आणि दुरुस्तीचा मोठा खर्च येतो. म्हणूनच जाणता दुकानदार कागद लेझरसाठीचा आहे ना, हे आधी वेष्टनावर पाहतो, यंत्राला कागदाची जाडी व प्रकार कळवितो आणि मगच पहिला ताव आत सोडतो.