दोनशे वर्षे मुके राहिलेले ‘ग्लोरिया’ : फादर अंतोनियो विवाल्दी

आगमनकाळ व उपवासकाळ वगळता दर रविवारच्या पवित्र मिस्सात आपण गौरवगीत गातो. याच लॅटिन गौरवगीताला, म्हणजे ‘ग्लोरिया’ला, फादर अंतोनियो विवाल्दी यांनी सुमारे १७१५ साली दिलेले संगीत आज जगभरातील गायनवृंद आवडीने गातात. परंतु हे स्वर जवळजवळ दोनशे वर्षे जग विसरून गेले होते.

अंतोनियो यांचा जन्म ४ मार्च १६७८ रोजी व्हेनिस येथे झाला. बाळ जगेल की नाही अशी भीती असल्याने घरीच त्यांचा बाप्तिस्मा उरकण्यात आला. वडील संत मार्क मंदिरात व्हायोलिन वाजवीत. तीच कला मुलाने उचलली. १७०३ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. केसांच्या रंगावरून लोक त्यांना लाल याजक म्हणू लागले. छातीच्या विकारामुळे काही काळातच त्यांनी मिस्सा अर्पण करणे थांबविले.

त्याच वर्षी ते पिएता या अनाथाश्रमात व्हायोलिनचे शिक्षक झाले. टाकून दिलेल्या मुलींचे तेथे संगोपन होई. चर्चमध्ये जाळीआड उभ्या राहून त्या गात व वाजवीत आणि त्यांना ऐकण्यासाठी परदेशांतून पाहुणे येत. या मुलींसाठी विवाल्दींनी असंख्य रचना केल्या.

त्या काळी व्हेनिसमध्ये सुटे खिळे जुळवून स्वरलिपी छापीत, तर ॲमस्टरडॅममध्ये ती तांब्याच्या पत्र्यावर कोरीत. कोरीव छपाई वाचण्यास सुबक असे. १७११ साली ॲमस्टरडॅमहून त्यांचे बारा कॉन्चेर्तो प्रसिद्ध झाले. जर्मनीत योहान सेबास्टियन बाख यांनी त्यांतील सहा आपल्या वाद्यांसाठी नव्याने लिहून काढले. ‘चार ऋतू’ ही रचना १७२५ साली छापली गेली. पुढे मात्र हस्तलिखित प्रती विकणे अधिक लाभाचे वाटून त्यांनी छपाई सोडली. त्यांची उपासनेसाठी लिहिलेली कोरसगीते तर हस्तलिखितातच राहिली.

आयुष्याची अखेर कष्टाची ठरली. ते मिस्सा करीत नाहीत आणि एका गायिकेशी त्यांचा स्नेह आहे, या कारणांवरून १७३७ साली फेराराच्या कार्डिनलांनी त्यांना त्या शहरात येण्यास मनाई केली. व्हेनिसच्या रसिकांची आवडही पालटली होती. नव्या आशेने ते व्हिएन्नाला गेले. पण १७४० च्या ऑक्टोबरात त्यांचे चाहते सम्राट सहावे चार्ल्स निधन पावले. २८ जुलै १७४१ रोजी विवाल्दींना इस्पितळाच्या दफनभूमीत साधेपणाने मूठमाती देण्यात आली.

त्यांची हस्तलिखिते एका संग्राहकाकडून दुसऱ्याकडे गेली आणि वारसांत वाटली गेली. एक हिस्सा उत्तर इटलीतील सालेशियन फादरांच्या विद्यालयात येऊन पडला. १९२६ साली इमारतीच्या दुरुस्तीसाठी पैसे हवे होते, म्हणून फादरांनी जुने ग्रंथ तूरिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे मूल्यमापनास पाठविले. ते पाहताच प्राध्यापक अल्बेर्तो जेंतीली यांनी त्यांचे मोल ओळखले. ग्रंथालयाजवळ पैसा नव्हता. तेव्हा बालपणीच वारलेल्या आपल्या माउरो या मुलाच्या स्मरणार्थ रोबेर्तो फोआ यांनी तो संग्रह विकत घेऊन ग्रंथालयास दिला. उरलेला हिस्सा जेनोआत सापडला. तो १९३० साली फिलिप्पो जोर्दानो यांनी, आपल्याही दिवंगत चिमुकल्या रेंझोच्या नावे, घेऊन दिला. अशा रीतीने विवाल्दींचे सत्तावीस खंड पुन्हा एकत्र आले. सप्टेंबर १९३९ मध्ये सिएना येथे ‘ग्लोरिया’ पुन्हा घुमले.

जेंतीली व फोआ हे दोघेही यहुदी होते. १९३८ च्या वंशभेदी कायद्यांमुळे जेंतीली यांची प्राध्यापकी गेली आणि सिएनाच्या त्या महोत्सवात त्यांना स्थान मिळाले नाही. एका कॅथलिक याजकाचे स्तवन आपल्या हाती सुपूर्द होण्यात यहुदी बांधवांचा मोठा वाटा होता, ही गोष्ट आपण कृतज्ञतेने स्मरणात ठेवली पाहिजे.

आपल्या धर्मग्रामाच्या कपाटातही जुन्या गायनवृंदाच्या जीर्ण वह्या असतील. साफसफाईच्या दिवशी त्या रद्दीत टाकण्यापूर्वी एकदा उघडून पाहाव्यात. कोणा अनामिक गुरुजींनी आपल्यासाठी लिहून ठेवलेली प्रार्थना त्यांत असू शकेल.