पाकीट विसरल्याच्या किश्श्यावर क्रेडिट कार्ड जगभर पोहोचलं, पण तो किस्साच बनावट होता

हॉटेलात जेवण झालं, बिल आलं आणि खिशात हात घातल्यावर कळलं की पाकीट घरीच राहिलंय. आज असं झालं तर आपण फोन काढतो आणि विषय संपतो. पण १९४९ मध्ये न्यू यॉर्कमध्ये एका माणसावर हीच वेळ आली. बायकोला पैसे घेऊन यावं लागलं आणि परत असं होऊ द्यायचं नाही, असं त्याने ठरवलं. त्यातून डायनर्स क्लब सुरू झाला, म्हणजे आजच्या क्रेडिट कार्डाचा आजोबा.

क्रेडिट कार्डाचा इतिहास सांगताना ही गोष्ट हमखास सांगितली जाते. गोष्टीतला माणूस खरा आहे, त्याचं नाव फ्रँक मॅकनमारा. रेस्टॉरंट पण खरं आहे, एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या शेजारचं मेजर्स केबिन ग्रिल. खोटी आहे ती फक्त पाकिटाची भानगड.

मग खरं काय घडलं होतं?

१९१७ साली जन्मलेला मॅकनमारा न्यू यॉर्कमध्ये हॅमिल्टन क्रेडिट कॉर्पोरेशन नावाची कंपनी चालवायचा. धंदा साधा होता, लोकांना कर्ज द्यायचं आणि वसूल करायचं. अडचण नेहमीचीच, वसुली होत नव्हती.

त्यातच त्याच्याकडे एका कर्जदाराचं प्रकरण आलं. तेव्हा अमेरिकेत मोठी दुकानं आणि पेट्रोल पंपवाले आपापल्या गिऱ्हाइकांना उधारीचं कार्ड द्यायचे. ज्याचं कार्ड त्याच्याच दुकानात चालायचं. थोडक्यात आपल्याकडच्या किराणा दुकानातली उधारीची वही, फक्त सुटाबुटातली. तर या कर्जदाराने आपली अशी कार्डं शेजाऱ्यापाजाऱ्यांना वापरायला दिली आणि त्यावर वरकमाई सुरू केली. शेजाऱ्यांनी पैसे बुडवले, दुकानांची बिलं याच्या अंगावर आली आणि ती भागवायला तो मॅकनमाराच्या कंपनीकडून कर्ज घेऊन बसला.

मेजर्स केबिन ग्रिलमध्ये जेवताना मॅकनमारा आपला वकील राल्फ श्नायडर आणि मित्र आल्फ्रेड ब्लूमिंगडेल यांना हेच रडगाणं सांगत होता, असं म्हणतात. ब्लूमिंगडेल हा प्रसिद्ध डिपार्टमेंट स्टोअरवाल्या घराण्यातला. बोलता बोलता विषय निघाला की त्या माणसाने केलं ते चुकीचं, पण त्यातली कल्पना भारी आहे. दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये तिसरा कुणीतरी उभा राहिला आणि एकच कार्ड अनेक ठिकाणी चाललं, तर?

आधी असे प्रयत्न झालेच नव्हते, असं नाही. १९४६ मध्ये ब्रुकलिनमधल्या एका बँकेने आसपासच्या दुकानांत चालणारी उधारीची योजना आणली होती, पण ती काही चौकांपुरतीच राहिली. मॅकनमाराने दुकानांऐवजी रेस्टॉरंट्स पकडली आणि इथेच त्याचं डोकं दिसतं. मॅनहॅटनमध्ये फिरणारे सेल्समन रोज कुठल्या तरी क्लायंटला जेवायला घेऊन जायचे. रोख पैसे बाळगा, पावत्या सांभाळा, महिनाअखेर ऑफिसात हिशोब द्या, हे सगळं त्यांच्या डोक्याला ताप होतं. महिन्यातून एकदाच एक बिल येणार असेल तर त्यांना ते हवंच होतं.

८ फेब्रुवारी १९५० ला मेजर्स केबिन ग्रिलमध्येच मॅकनमाराने जेवण घेतलं आणि बिल कार्डावर भागवलं. हे कार्ड प्लॅस्टिकचं नव्हतं, साधं पुठ्ठ्याचं होतं. सुरुवातीचे सभासद साधारण २००, बरेचसे ओळखीपाळखीतले. कार्ड घेणारी रेस्टॉरंट्स तीससुद्धा नव्हती.

आता यात पैसा कुठून यायचा, ते बघू. समजा जेवणाचं बिल १० डॉलर झालं. गिऱ्हाईक सही करून निघून जायचा. क्लब रेस्टॉरंटला ९ डॉलर ३० सेंट द्यायचा, कारण ७ टक्के तो स्वतः कापून घ्यायचा. महिनाअखेर गिऱ्हाईक क्लबला पूर्ण १० डॉलर भरायचा. हप्ते नाहीत, व्याज नाही, वर्षाची किरकोळ फी तेवढी वेगळी.

रेस्टॉरंटवाल्यांना हे ७ टक्के साहजिकच टोचायचे. गिऱ्हाइकाच्या सोयीचे पैसे आम्ही का भरायचे? त्यावर क्लबचं म्हणणं असायचं की खिशात मोजून नोटा नसल्या की माणूस सढळ हाताने खातो. आज दोन टक्के सरचार्ज लागेल म्हणणारा आपला दुकानदार त्याच जुन्या भांडणात उभा आहे.

वर्षभरात सभासद २०,००० च्या आसपास गेले. मग हॉटेल्स आली, भाड्याच्या गाड्या आल्या. १९५३ पर्यंत ब्रिटन, कॅनडा, मेक्सिको आणि क्युबामध्येही हे कार्ड चालायला लागलं.

पाकिटाची गोष्ट मात्र क्लबच्या प्रसिद्धीचं काम बघणाऱ्या मॅटी सिमन्सची. वसुलीत अडकलेला सावकार कोणाला आवडणार? बिलासमोर खजील झालेला नवरा सगळ्यांना आपला वाटतो. पुढे सिमन्सनेच कबूल केलं की हा किस्सा त्याने रचला होता.

पण कार्ड परदेशात पोहोचेपर्यंत मॅकनमारा क्लबमध्ये राहिलाच नव्हता. हे फॅड आहे, ओसरेल, असं त्याला वाटत होतं. १९५२ च्या सुमारास त्याने आपला हिस्सा साधारण २ लाख डॉलर्सना भागीदारांना विकून टाकला. आयुष्यभर कर्ज बुडताना बघितलेल्या माणसाला उधारीवर फार भरवसा वाटला नाही, यात नवल नाही. नंतर तो रिअल इस्टेटमध्ये उतरला, तिथे काही जमलं नाही. १९५७ मध्ये हार्ट अटॅकने तो गेला, वय अवघं ४०.

पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, अमेरिकन एक्सप्रेसने आपलं कार्ड आणलं. त्याच वर्षी बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात सुमारे ६०,००० कार्डं, कुणी मागितलेली नसताना, थेट पोस्टाने घरोघरी पाठवली. यात बिल महिनाअखेर पूर्ण भरायची सक्ती नव्हती, उरलेल्या रकमेवर व्याज लागायचं. आज आपण ज्याला क्रेडिट कार्ड म्हणतो ते हे. मॅकनमाराच्या कार्डात ही सवलतही नव्हती आणि हा सापळाही नव्हता.

भारतात डायनर्स क्लब आला १९६१ मध्ये. आणणारे होते काली मोदी, म्हणजे सर होमी मोदींचे चिरंजीव आणि रूसी व पिलू मोदींचे भाऊ. आपल्या बँकांनी स्वतःचं क्रेडिट कार्ड काढायला १९८० उजाडलं.

१९९० मध्ये अमेरिकेच्या लाइफ मासिकाने विसाव्या शतकातल्या सर्वात प्रभावी १०० अमेरिकन माणसांची यादी छापली. त्यात फ्रँक मॅकनमाराचं नाव होतं. फॅड म्हणून त्याने क्लब विकला, त्याला तेव्हा जवळपास चाळीस वर्षं होत आली होती.