सांधेदुखीचा शोधयात्री : डॉ. फिलिप हेन्च

'कॉर्टिझोन'मुळे जगभर नावारूपास आलेले अमेरिकी वैद्यक डॉ. फिलिप हेन्च यांचा जन्म २८ फेब्रुवारी १८९६ रोजी पिट्सबर्ग येथे झाला. १९२० मध्ये वैद्यकीय पदवी संपादन करून १९२३ मध्ये ते रॉचेस्टरच्या मेयो क्लिनिकमध्ये रुजू झाले.

१९२९ मध्ये संधिवाताच्या एका रुग्णाला कावीळ झाली आणि त्याची सांधेदुखी ओसरली. गर्भारपणातही असाच आराम पडतो, हे हेन्च यांच्या ध्यानी आले. या रोगाला आवर घालणारे द्रव्य शरीरातच असावे, असे अनुमान त्यांनी बांधले आणि तब्बल १९ वर्षे त्याचा पाठपुरावा केला. सहकारी एडवर्ड केंडल यांनी अ‍ॅड्रिनल ग्रंथीतून प्रथम वेगळे केलेले द्रव्य मर्क कंपनीने अल्प प्रमाणात तयार केले. सप्टेंबर १९४८ मध्ये ते हालचाल खुंटलेल्या एका तरुणीला टोचण्यात आले. काही दिवसांतच ती चालू लागली. १९५० चे नोबेल पारितोषिक हेन्च, केंडल व राइखश्टाइन यांना विभागून मिळाले.

पुढे याच कुळातील औषधे थेट दुखऱ्या जागी टोचली जाऊ लागली. टेनिस एल्बोच्या चिवट दुखण्यावर शस्त्रक्रिया टाळणारा उपाय म्हणून ती रूढ झाली. मात्र काही आठवडे आराम देणारे हे इंजेक्शन वर्षअखेरीस व्यायामोपचारापेक्षा, किंबहुना नुसत्या सबुरीपेक्षाही उणे ठरते, असे नंतरच्या चाचण्यांत दिसले. हे औषध रोग आवरते, बरा करत नाही, हे हेन्च यांनी प्रारंभीच बजावले होते.

३० मार्च १९६५ रोजी जमैकात त्यांचे निधन झाले.