पंडिता रमाबाई आणि बायबलचे प्रामाण्य

पंडिता रमाबाईंचे (१८५८-१९२२) चरित्र हा एका अर्थी ग्रंथप्रामाण्याचा शोध आहे. अनंतशास्त्री डोंगरे यांच्या या कन्येस १८७८ साली कलकत्त्यात पंडितांनी ‘सरस्वती’ ही पदवी दिली. तथापि शास्त्रग्रंथ स्त्री-शूद्रांना वेदाधिकार नाकारतात, ही जाणीव त्यांना अस्वस्थ करीत राहिली. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मात्र आश्रयदात्या अँग्लिकन भगिनींशी त्यांचा लवकरच वाद झाला. चर्चने लावलेला अर्थ बंधनकारक, की बायबलचे वचन? परक्या देशात परावलंबी असतानाही रमाबाईंनी वचनाचाच पक्ष घेतला.

प्रमाण ग्रंथातच असेल, तर तो अल्पशिक्षित स्त्रीलाही स्वतः वाचता आला पाहिजे. म्हणून केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. हिंदू धर्मकल्पना सुचविणारे संस्कृत शब्द या संस्कृत पंडितेने कटाक्षाने टाळले. संपूर्ण भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली प्रसिद्ध झाले.

येथे एक पेच उरतोच. अर्थनिर्णयाचा अधिकार चर्चकडून काढून घेतला, तरी शब्दांची निवड करणाऱ्या भाषांतरकाराकडे तो काही अंशी येतो. या भाषांतराची शैली म्हणूनच केवळ भाषिक प्रश्न ठरत नाही. ती रमाबाईंची धर्मविषयक भूमिका होय.