बर्ट मन्रो आणि त्यांची इंडियन

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या अगदी तळाशी इन्व्हरकार्गिल नावाचे शहर आहे. त्याच्या पुढे समुद्र आणि समुद्रापलीकडे अंटार्क्टिकाचा बर्फ. या थंड, वाऱ्याच्या गावात एका गॅरेजवजा शेडमध्ये हर्बर्ट जेम्स मन्रो यांनी आयुष्याची कित्येक दशके एकाच मोटारसायकलवर खर्च केली. जग त्यांना बर्ट मन्रो या नावाने ओळखते. त्यांच्या गाडीचे नाव होते इंडियन. आपल्या वाचकांना या नावाने क्षणभर हुरळून जाण्याचा मोह होईल, पण तिचा भारताशी काडीचाही संबंध नाही. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांना तिथे जे नाव पडले, तेच मॅसॅच्युसेट्समधल्या एका कारखान्याने आपल्या मोटारसायकलींना दिले होते.

मन्रो यांचा जन्म 25 मार्च 1899 रोजी इन्व्हरकार्गिलमध्ये झाला. जुळ्या भावंडांपैकी बहीण जन्मतःच गेली आणि हे मूलही दोन वर्षांपलीकडे जगणार नाही, असे डॉक्टरांनी आईवडिलांना सांगून ठेवले. मूल जगले. इन्व्हरकार्गिलच्या पूर्वेला एडनडेल येथे कुटुंबाची शेती होती. तिथे वाढणाऱ्या या मुलाला वेगाचे वेड लवकर लागले आणि त्या वयात वेग म्हणजे घोडा. शेतावरचा सर्वांत चपळ घोडा त्यालाच हवा असे. गाव सोडून दूर कुठेतरी जाण्याची ओढही तितकीच होती. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस वडिलांनी शेत विकले, तेव्हा तरुण बर्ट ओटिरा येथील रेल्वे बोगद्याच्या कामावर गेले. वडिलांनी पुन्हा जमीन घेतली आणि मुलाला परत बोलावले. तोवर घोड्यांचे आकर्षण संपून मोटारसायकलींचे सुरू झाले होते. आधी डग्लस, नंतर साइडकार जोडलेली क्लायनो अशा दोन गाड्या त्यांनी वापरल्या. क्लायनोची साइडकार सोडवून त्यांनी ती शर्यतीत उतरवली, यावरून पुढचा रोख कळतो. विकत आणलेली वस्तू जशीच्या तशी ठेवणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

1920 साली त्यांनी नवी इंडियन स्काउट खरेदी केली. इंग्रजी व्ही अक्षरासारखे मांडलेले दोन सिलिंडर, 600 सीसीचे इंजिन, तीन गिअर आणि सर्वाधिक वेग ताशी 55 मैल, म्हणजे सुमारे 89 किलोमीटर. त्या काळाच्या मानाने गाडी उत्तम होती. काही वर्षे त्यांनी ती तशीच चालवली. 1926 च्या सुमारास तिच्यात फेरफार करण्यास आरंभ केला आणि मग जवळजवळ अखेरपर्यंत हात थांबला नाही.

हे फेरफार कोणत्या प्रकारचे होते, ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. आज मोटारसायकल हौसेने बदलणारे तरुण हवे ते भाग मागवतात आणि जोडतात. मन्रो यांच्यापाशी मागवण्यासाठी पैसा नव्हता. असता तरी त्यांना हवे होते ते भाग कुठे मिळणारे नव्हते. त्यामुळे पिस्टन घरी ओतले गेले. धातू वितळवायचा, जुन्या डब्यांच्या साच्यात ओतायचा, थंड झाल्यावर घासून-तासून मापात आणायचा. सिलिंडर, फ्लायव्हील, कॅम हेही घरचेच. सूक्ष्म माप घेण्यासाठी कारखान्यात मायक्रोमीटर असतो. मन्रो यांचे काम चाकाच्या एका जुन्या आरीवर भागे. पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड हा इंजिनातला सर्वांत जास्त ताण सोसणारा दांडा. तो त्यांनी कॅटरपिलर ट्रॅक्टरच्या आसाच्या पोलादातून हाताने कोरून काढला. असे पोलाद कानशीने झिजवणे म्हणजे काय, हे ज्याने कधी लोखंडावर कानस चालवली आहे त्यालाच कळेल.

मूळ इंजिनात व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला होते. या रचनेत पेट्रोल-हवेच्या मिश्रणाला वळसा घेऊन आत जावे लागते आणि शक्तीवर मर्यादा येते. मन्रो यांनी व्हॉल्व्ह माथ्यावर नेले. दोन कॅमऐवजी चार कॅमची स्वतःची रचना केली. वंगणाची व्यवस्था बदलली. इंजिनापासून गिअरपेटीपर्यंत शक्ती नेणारी दातेरी चाके काढून तिथे तिहेरी साखळी बसवली आणि वाढलेल्या शक्तीला आवर घालण्यासाठी सतरा पट्ट्यांचा क्लच तयार केला. यांपैकी एकही गोष्ट पहिल्या प्रयत्नात साधली नाही. इंजिनाची शक्ती वाढली की जो भाग सर्वांत दुबळा तो तुटे. तो मजबूत केला की त्याच्या शेजारचा तुटे. महिनोन्महिन्यांचे काम किनाऱ्यावरच्या एका धावेत काही सेकंदांत भंगारात जमा होई आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. फुटलेले पिस्टन आणि वाकलेले दांडे मन्रो फेकून देत नसत. शेडमधल्या एका फळीवर ते ओळीने मांडलेले असत आणि हे सारे वेगाच्या देवाला वाहिलेले आहे, अशी पाटी त्यांनी तिथे लिहून ठेवली होती. विनोद खराच, पण त्या फळीवरची गर्दी पाहता देव सहजासहजी प्रसन्न होणारा नव्हता.

हे सर्व पोटापाण्याचा उद्योग सांभाळून चालले होते. दिवसा मोटारसायकल विक्रेत्याची नोकरी आणि रात्री शेड. पुष्कळदा रात्र संपून उजाडले तरी दिवा जळत असे. 1938 साली त्यांनी न्यूझीलंडमधील वेगाचा पहिला विक्रम केला आणि 1940 साली खुल्या रस्त्यावर ताशी 120.8 मैलांची, म्हणजे 194 किलोमीटरची मजल मारली. शर्यतींत आणि चाचण्यांत ते अनेकदा आपटले, हाडे मोडून घेतली, कातडी सोलवटून घेतली. इंडियनच्या जोडीला 1936 ची एक व्हेलोसेट गाडीही होती आणि तिच्यावरही असेच प्रयोग चालू असत.

या दिव्याची किंमत घराने मोजली. पत्नी बेरिल आणि चार मुले असा त्यांचा संसार होता. बाप घरात असून नसल्यासारखा, कमाईतला वाटा धातूत वितळतो आहे आणि लक्ष सदैव शेडमध्ये, हे किती काळ चालावे? 1940 च्या दशकात हा विवाह संपुष्टात आला. त्याच दशकाच्या अखेरीस मन्रो यांनी नोकरीही सोडली आणि ते शेडमध्येच राहू लागले. एका बाजूला खाट, दुसऱ्या बाजूला लेथ आणि मधोमध गाडी. पुढे ते लोकप्रिय झाले तेव्हा या राहणीचे फार कौतुक झाले. चित्रपटातला एकटा, मिश्कील म्हातारा सर्वांना आवडतो. चार मुलांच्या आईच्या बाजूने ही कथा सांगणारा चित्रपट मात्र अद्याप कोणी काढलेला नाही.

1950 च्या दशकापर्यंत गाडी अशा टप्प्याला पोचली की तिला धावायला न्यूझीलंडमध्ये जागा पुरेना. ओरेटीचा समुद्रकिनारा लांबलचक होता, पण भरती-ओहोटीने वाळू रोज बदले. हवी होती ती सपाट, कडक, मैलोगणती मोकळी जमीन, आणि तशी जमीन अमेरिकेतल्या युटा राज्यात होती. बोनव्हिल नावाचे प्राचीन सरोवर आटून तिथे मिठाचे पांढरेशुभ्र मैदान उरले आहे. जगातले वेगवेडे तिथे जमत. मन्रो पहिल्यांदा नुसते पाहायला गेले. त्यानंतर नऊ वेळा गाडी घेऊन गेले. तोवर त्यांना हृदयविकाराचा त्रास सुरू झाला होता. खिशात पैसे बेताचे, पाठीशी कोणी पुरस्कर्ता नाही. जहाजाने गाडी न्यायची, तिथे एखादी जुनी मोटार घेऊन तिच्यामागे ती ओढत वाळवंटापर्यंत पोचवायची, असा तो प्रवास असे.

ताशी दीडशे मैलांच्या पुढे इंजिनाइतकाच वारा महत्त्वाचा ठरतो. म्हणून मन्रो यांनी गाडीभोवती माशाच्या आकाराचे कवच घडवले आणि स्वतः त्यात पालथे पडून ते गाडी हाकत. गिअर इतके उंच ठेवलेले की जागेवरून निघण्यास मोटारीने मागून ढकलावे लागे. आत शिरल्यावर बाहेर पडणे सोपे नव्हते आणि वेग वाढला की गाडी कधीकधी डोलू लागे. ब्रेक त्या वेगात जवळपास नावापुरतेच. विक्रम मान्य होण्यासाठी एकाच दिशेला धावून भागत नाही. उलट दिशेलाही धावावे लागते आणि दोन्हींची सरासरी धरतात. म्हणजे एकदा जिवावर उदार होऊन परतलेल्या माणसाने लगेच दुसऱ्यांदा तसेच व्हायचे.

1962 साली, वयाच्या 63 व्या वर्षी, मन्रो यांनी 883 सीसीच्या गटात ताशी 178.95 मैलांचा, म्हणजे 288 किलोमीटरचा जागतिक विक्रम केला. त्या वेळी मूळ 600 सीसीचे इंजिन वाढवून 850 सीसीचे झाले होते. 1966 मध्ये 920 सीसीच्या इंजिनाने 1000 सीसीच्या गटात 168.07 मैल. हा आकडा आधीपेक्षा कमी दिसतो, पण गट वेगळा होता. 1967 मध्ये, 68 व्या वर्षी, 950 सीसीच्या इंजिनाने 183.58 मैलांची नोंद झाली. त्याच वेळी पात्रतेच्या एकेरी धावेत गाडीने 190.07 मैल, म्हणजे जवळपास 306 किलोमीटर, गाठले होते. इंडियन गाडीवर अधिकृतपणे मोजला गेलेला तो सर्वाधिक वेग. एका अनधिकृत धावेत तर तिने दोनशे मैलांचा आकडाही ओलांडला, पण तो हिशेबात धरला गेला नाही. कारखान्यातून 55 मैलांची म्हणून बाहेर पडलेली हीच गाडी, आणि ती निर्माण करणारी कंपनी 1953 मध्येच बंद पडली होती.

1970 च्या दशकाच्या आरंभी रॉजर डोनाल्डसन या तरुण दिग्दर्शकाने मन्रो यांच्यावर एक माहितीपट केला. विषय त्याच्या मनातून गेला नाही आणि 2005 साली त्याने अँथनी हॉपकिन्स यांना घेऊन ‘द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन’ हा चित्रपट काढला. त्यात अनेक वर्षांच्या वाऱ्या एकाच प्रवासात गुंफल्या आहेत. कथेला ते सोयीचे असले, तरी दरवर्षी परत जाऊन काही तरी मोडून येण्यातली चिकाटी त्यामुळे झाकली गेली.

मन्रो यांना तो पाहता आला नाही. 1977 साली त्यांना पक्षाघात झाला. हातापायांचा मेळ पूर्वीसारखा राहिला नाही आणि गाडी चालवणे संपले. आपल्या गाड्या साउथलँड प्रांताबाहेर जाऊ नयेत, ही त्यांची इच्छा होती. म्हणून त्या त्यांनी इन्व्हरकार्गिलमधल्याच एका व्यापाऱ्याला विकल्या. 6 जानेवारी 1978 रोजी, वयाच्या 78 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

एक हिशेब मात्र उरला होता. 1967 च्या विक्रमाचे आकडे पुन्हा तपासताना दोन धावांची सरासरी काढण्यात चूक झाल्याचे त्यांचा मुलगा जॉन यांच्या लक्षात आले. अमेरिकन मोटारसायकलिस्ट असोसिएशनने ती मान्य केली आणि 2014 साली, मृत्यूनंतर 36 वर्षांनी, मन्रो यांचा वेग ताशी 184.087 मैल असा सुधारून नोंदवला गेला. अर्ध्या मैलाचा फरक. ज्या शेडने बापाला मुलांपासून दूर नेले, तिथल्या कामाचा हा अर्धा मैल मुलाने मिळवून दिला.

गाडी आजही इन्व्हरकार्गिलमध्येच आहे, ई. हेज अँड सन्स या हार्डवेअरच्या दुकानात. लोक तिथे खिळे, स्क्रू आणि हत्यारे घ्यायला येतात आणि जाता-येता ती पाहतात.