शास्त्रज्ञ अऱ्हेनियस

पौष महिन्यातील पहाट. पैठणच्या वाटेवरील बिडकीन गावात कडाक्याची थंडी पडलेली असते. रात्रभर उघड्यावर उभी असलेली मोटार चालू करावी म्हणून चालक किल्ली फिरवतो. परंतु इंजिन एकदोनदा कण्हल्यासारखे करते आणि गप्प बसते. अखेरीस चारदोन माणसे गाडीला धक्का देतात, तेव्हा कोठे ती चालू होते. तीच बॅटरी दुपारच्या उन्हात निमूटपणे आपले काम करते. मग रात्रीतून तिच्यातील वीज कोणी चोरून नेली होती काय? तसे नव्हे. वीज होती, ती बाहेर पडण्याची गती मात्र मंदावली होती. असे का व्हावे, याचा उलगडा ज्यांच्या संशोधनाने झाला, ते स्वांते अऱ्हेनियस हे बर्फाळ स्वीडन देशाचे सुपुत्र होते.

उप्साला शहराजवळील वीक येथे 19 फेब्रुवारी 1859 रोजी त्यांचा जन्म झाला. योगायोग असा, की त्याच वर्षी फ्रान्समध्ये गास्ताँ प्लाँते यांनी शिशाचे पत्रे गंधकाम्लात बुडवून, पुन्हा पुन्हा भरता येईल अशी पहिली बॅटरी तयार केली. स्वांतेचे वडील जमीनमोजणीचे काम करीत. त्यांच्या हिशेबाच्या वह्यांत हा लहानगा डोकावत असे आणि बेरजा पाहता पाहताच तो अंकगणित शिकला. वयाच्या तिसऱ्या वर्षी त्याला वाचताही येऊ लागले होते. 1876 साली शालेय शिक्षण संपवून अऱ्हेनियस उप्साला विद्यापीठात दाखल झाले. तेथील अध्यापनाने त्यांचे समाधान होईना, म्हणून 1881 साली ते स्टॉकहोमला एडलुंड या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांच्या हाताखाली काम करू लागले.

एक साधाच प्रश्न त्यांच्या मनात घर करून बसला होता. शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ वाहत नाही. कोरड्या मिठातूनही ती वाहत नाही. परंतु तेच मीठ त्या पाण्यात विरघळविले, की द्रावणातून वीज सहज वाहू लागते. दोन अडविणारे एकत्र आले, की वाट मोकळी होते, हे कसे? विजेच्या प्रवाहानेच मिठाचे रेणू फुटत असावेत, असा बहुतेकांचा समज होता. अऱ्हेनियस यांना मात्र वेगळे दिसू लागले. प्रवाह सोडण्यापूर्वीच, केवळ पाण्यात विरघळल्यामुळे रेणूंचे दोन भाग होतात. एकावर धन विद्युत्भार असतो, तर दुसऱ्यावर ऋण. या विद्युत्भारित कणांना आयन म्हणतात. द्रावणातून वीज वाहून नेणारे हमाल म्हणजे हेच आयन होत.

या विचाराचे बीज असलेला सुमारे दीडशे पानांचा प्रबंध त्यांनी 1884 साली उप्साला विद्यापीठाला सादर केला. त्या वेळी त्यांचे वय अवघे पंचवीस वर्षांचे होते. परीक्षकांना तो प्रबंध रुचला नाही. परीक्षक अज्ञ होते, असे मुळीच नव्हे. तेथील रसायनशास्त्राचे प्राध्यापक क्लीव्ह यांनी स्वतः होल्मियम व थुलियम ही दोन मूलद्रव्ये शोधून काढली होती. पण सोडियम पाण्यावर टाकताच पेट घेतो आणि क्लोरिन हा विषारी वायू आहे. असे हे दोघे मिठाच्या पाण्यात सुटे सुटे नांदत असतील, ही कल्पना त्या काळच्या रसायनशास्त्रज्ञांना वेडगळ वाटे. विद्युत्भारित कणाचे गुणधर्म मूळ अणूहून अगदी निराळे असतात, हे तेव्हा कोणाच्या ध्यानी येत नव्हते. प्रबंधाला चौथी श्रेणी मिळाली. त्यावर झालेल्या वादविवादातील उत्तरांना तिसरी. एवढ्या गुणांवर विद्यापीठात अध्यापकाची जागा मिळणे दुरापास्त होते. आयुष्याची वाट तेथेच बंद होण्याची वेळ आली होती.

अऱ्हेनियस यांनी तक्रार केली नाही. त्यांनी प्रबंधाच्या प्रती परदेशांतील नामवंत शास्त्रज्ञांकडे धाडल्या. रिगा येथील ऑस्टवाल्ड तो वाचून इतके प्रभावित झाले, की त्याच वर्षी ते समुद्र ओलांडून स्वतः उप्सालास आले आणि त्यांनी या तरुणाला आपल्याकडे बोलाविले. वडील आजारी असल्यामुळे अऱ्हेनियस यांना लगेच जाता आले नाही. परंतु एवढ्या मोठ्या विद्वानाने दखल घेतल्यावर उप्सालानेही त्यांना अध्यापनाची जागा दिली. पुढे 1886 पासून त्यांनी रिगा, वुर्झबुर्ग, ग्राझ व अॅमस्टरडॅम येथे राहून संशोधन केले आणि 1887 साली आयनांचा सिद्धान्त पूर्ण स्वरूपात मांडला.

त्यानंतर दोनच वर्षांनी त्यांनी हात घातला तो उसाच्या साखरेला! आम्लयुक्त पाण्यात या साखरेचे हळूहळू विघटन होते. पाणी थोडे तापविले, की हा वेग भराभर वाढतो. दहा अंशांनी तापमान वाढले, तर रेणूंची सरासरी धाव दोन टक्क्यांनीही वाढत नाही. रासायनिक क्रिया मात्र दुपटीतिपटीने वाढते. अऱ्हेनियस यांनी दाखविले, की सर्वच रेणू क्रियेत भाग घेत नाहीत. एक उंबरठा ओलांडण्याइतकी शक्ती ज्यांच्या अंगी असते, तेच रेणू बदलतात आणि उष्णतेने अशा समर्थ रेणूंची संख्या झपाट्याने वाढते. थंडीत ती तशीच झपाट्याने घटते.

मोटारीच्या बॅटरीला हे दोन्ही शोध लागू पडतात. 1912 साली मोटारीत विजेचा स्टार्टर आला आणि हाताने दांडा फिरविण्याचे कष्ट संपले. पण इंजिनाला पहिला हिसका देण्याचा भार बॅटरीवर पडला. त्यासाठी काही क्षण फार मोठा प्रवाह लागतो. थंडीत गंधकाम्ल दाट होते, त्यातील आयन शिशाच्या पत्र्यांकडे संथपणे सरकतात आणि पत्र्यांवरील क्रियाही मंदावते. भरीस भर म्हणून इंजिनातील तेल घट्ट होते. ढोबळ मानाने शून्य अंशाला बॅटरीचे बळ दोन तृतीयांश उरते आणि उणे 18 अंशांस निम्म्यावर येते. स्वीडनसारख्या देशात आणखी एक संकट असते. भरलेल्या बॅटरीतील आम्ल उणे 60 अंशांच्या आसपासही गोठत नाही. उतरलेल्या बॅटरीत मात्र ते बरेचसे पाणीच झालेले असते आणि शून्याखाली थोड्याच अंशांवर गोठून बॅटरीचे कवच फोडते.

बिडकीनची थंडी त्या मानाने काहीच नव्हे. पारा दहा अंशांखाली उतरला, तरी धडधाकट बॅटरी कुरकुरत नाही. तेथील खरा घाव वैशाखात बसलेला असतो. चाळीस अंशांच्या उन्हात, अऱ्हेनियस यांच्याच नियमाप्रमाणे, शिशाच्या जाळ्या झपाट्याने झिजतात व पाणीही आटते. ही झीज उन्हाळाभर कळत नाही, कारण उष्णतेमुळे बॅटरी जोरात असते. पौषातील पहाट ती उघडी पाडते.

1903 साली अऱ्हेनियस यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळविणारे ते पहिले स्वीडिश गृहस्थ होत. शिफारस करणाऱ्या समितीत तेच क्लीव्ह होते! तीव्र द्रावणांना मात्र अऱ्हेनियस यांचा सिद्धान्त नीट लागू पडत नसे, आणि बॅटरीतील आम्ल तर तीव्रच असते. ती उणीव 1923 साली डिबाय व ह्यूकेल यांनी पुष्कळ अंशी भरून काढण्यास आरंभ केला. 2 ऑक्टोबर 1927 रोजी स्टॉकहोम येथे अऱ्हेनियस यांचे निधन झाले. ज्या उप्सालाने त्यांना चौथी श्रेणी दिली, तेथेच त्यांचे दफन करण्यात आले.

बिडकीनच्या शिवारात विजेवर चालणाऱ्या वाहनांचे कारखाने उभारण्याच्या योजना 2024 साली जाहीर झाल्या. अशा वाहनांच्या बॅटरीत शिशाच्या जागी लिथियम असते. पण तेथेही धावाधाव आयनांचीच. शून्याखालच्या थंडीत ती बॅटरी घाईने भरू गेल्यास लिथियमचे आयन आत शिरत नाहीत, धातू होऊन पृष्ठावरच साचतात. म्हणून थंड प्रदेशांतील पुष्कळ मोटारींत बॅटरी आधी कोमट करून मग भरण्याची सोय केलेली असते.