नगरपालिकेच्या सभागृहातील महात्मा

वसईला नगरपालिका मिळाली ती १८६४ साली. त्यानंतर जवळपास दीड शतकाने, ३ जुलै २००९ रोजी, वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगर परिषदा व ५३ ग्रामपंचायती एकत्र करून वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली. गावे वगळण्याचे आंदोलन, सूर्या धरणाचे पाणी, टँकर, भाजी मंडईची जागा आणि २०२० मध्ये मुदत संपल्यानंतर सुरू झालेली प्रशासकीय राजवट अशा अनेक प्रश्नांनी या शहराच्या नागरी जीवनाला पुढे घेरले. पालिकेच्या तिजोरीतला पैसा नेमका कोणासाठी, हा या सर्व प्रश्नांच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे. तो महाराष्ट्रातील एका नगरपालिकेच्या सभागृहात एका सभासदाने दीडशे वर्षांपूर्वी विचारला होता. ते सभासद होते महात्मा जोतीराव गोविंदराव फुले. मुलींची पहिली शाळा, सत्यशोधक समाज आणि 'गुलामगिरी' यांमुळे जोतीराव सर्वांना ठाऊक आहेत. पुणे नगरपालिकेत त्यांनी काढलेली सहा-सात वर्षे मात्र त्यांच्या चरित्रात बहुधा दोन ओळींत आटोपली जातात.

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजी पुण्यात झाला. घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे आणि मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण. पुण्यात आल्यावर या घराने फुलांचा व्यवसाय धरला, पेशव्यांकडे फुले पुरविण्याचे काम मिळविले आणि त्यावरूनच फुले हे नाव पडले. आई चिमणाबाई जोतीरावांच्या बालपणीच वारल्या. वडील गोविंदराव यांनी मुलाला शाळेत घातले, मध्यंतरी काढले आणि शेजारच्या जाणत्या माणसांनी समजूत घातल्यावर स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा दाखल केले. १८४० मध्ये नायगावच्या सावित्रीबाईंशी त्यांचा विवाह झाला. १८४८ मध्ये बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. त्यापायी पती-पत्नींना वडिलांचे घर सोडावे लागले. त्याच कार्यासाठी १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबाग वाड्यात सरकारतर्फे मेजर कँडी यांच्या हस्ते त्यांचा सत्कार झाला.

येथपर्यंतची हकीकत शालेय पुस्तकांत आहे. पण जोतीराव हे व्यापारी आणि कंत्राटदारही होते, ही गोष्ट त्यांची नगरपालिकेतील कारकीर्द समजून घेताना ध्यानात ठेवावी लागते. मांजरी येथे त्यांची शेती होती. धातूच्या ओतकामासाठी लागणाऱ्या मुशी विकण्याची एजन्सी त्यांच्याकडे होती. येरवड्याचा पूल, कात्रजचा बोगदा आणि खडकवासल्याचे धरण अशा सार्वजनिक कामांशी त्यांच्या कंत्राटांचा संबंध आला. सरकारी बांधकामाचा पैसा कसा मंजूर होतो, कोठे मुरतो, मजुराच्या हातात किती पडतो आणि मधल्या माणसांकडे किती राहतो, हे त्यांनी जवळून पाहिले होते. त्यांच्या लेखनात बांधकाम खात्यातील कारभारावर वारंवार कोरडे ओढलेले दिसतात, त्यामागे हा अनुभव उभा आहे.

पाण्याचा प्रश्न तर त्यांच्या घराच्या अंगणातच होता. अस्पृश्य मानलेल्या वस्त्यांना सार्वजनिक पाणवठ्यांवर जाता येत नसे. १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या राहत्या घरचा हौद या लोकांसाठी खुला केला. कोणत्याही ठरावाची वा अनुदानाची वाट न पाहता केलेले हे काम होते. त्यापायी स्वजातीयांचा रोष ओढवणार, हे त्यांना पक्के माहीत होते. गंज पेठेतील ते घर आज राष्ट्रीय स्मारक आहे आणि त्या पेठेलाही महात्मा फुल्यांचे नाव आहे.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. त्यानंतर तीन वर्षांनी, १८७६ मध्ये, सरकारने जोतीरावांना पुणे नगरपालिकेचे सभासद नेमले. तेव्हाच्या नगरपालिकेत आजच्यासारखे मतदान नव्हते. सभासदांना म्युनिसिपल कमिशनर म्हणत आणि त्यांची नेमणूक सरकार करी. सभागृहात युरोपियन अधिकारी, सरदार, सावकार, पेन्शनर आणि वकील यांचा भरणा असे. स्थानिक स्वराज्य संस्थांत लोकनियुक्त सभासद असावेत, या धोरणाला चालना देणारा लॉर्ड रिपन यांचा ठराव मे १८८२ मधला. म्हणजे जोतीराव बसत ते सभागृह सरकारच्या मर्जीने भरलेले होते आणि त्यांची स्वतःची खुर्चीही त्याच मर्जीवर अवलंबून होती. असा सभासद सहसा वरिष्ठांना दुखवीत नाही.

नेमणूक झाली त्याच सुमारास दख्खनवर दुष्काळाचे संकट कोसळले. १८७६ ते १८७८ या काळात गावेच्या गावे ओस पडली आणि अन्नाच्या शोधात माणसे शहरांकडे धावली. सत्यशोधक समाजाच्या कार्यकर्त्यांनी धनकवडी येथे निराधार मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम चालविला. १८७७ मध्ये जोतीरावांनी या कामासाठी मदतीचे आवाहन केले आणि स्वतः उभे राहून मुलांच्या जेवणाची व्यवस्था लावली. त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी दिल्लीत व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी राणी व्हिक्टोरियाच्या सम्राज्ञीपदाचा भव्य दरबार भरविला होता. एकीकडे दरबाराची रोषणाई आणि दुसरीकडे रस्त्यावर भुकेने पडणारी माणसे, हे चित्र जोतीरावांच्या मनावर कोरले गेले असल्यास नवल नाही.

हजार रुपयांचा ठराव

याच लिटन यांच्या पुणे भेटीचा प्रसंग १८८० मध्ये आला. त्यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेने एक हजार रुपये खर्च करावेत, असा प्रस्ताव अध्यक्षांनी सभासदांपुढे ठेवला. व्हाइसरॉय शहरात येणार म्हटल्यावर अशा प्रस्तावावर चर्चा होण्याचेही कारण नव्हते. सभागृहात ३२ सभासद होते. जोतीराव उभे राहिले आणि त्यांनी विरोध नोंदविला. करदात्यांचा पैसा पाहुण्याच्या सन्मानावर उधळण्यापेक्षा पुण्यातील गरिबांच्या शिक्षणासाठी वापरावा, असे त्यांचे म्हणणे होते. या विरोधाला आणखीही एक पदर होता. लिटन यांच्याच कारकिर्दीत, १८७८ मध्ये, देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा झाला होता आणि सत्यशोधक विचारांच्या 'दीनबंधु' पत्राने त्याचा निषेध केला होता. ठराव मतास टाकला गेला तेव्हा विरोधात एकच मत पडले. ते जोतीरावांचे होते.

हजार रुपये अर्थातच मंजूर झाले. त्या विरोधाने ना स्वागत थांबले, ना एखादी शाळा उघडली. तरीही हा प्रसंग चरित्रकारांनी जपून ठेवला, कारण सरकारने नेमलेल्या सभासदाने सरकारच्या सर्वोच्च प्रतिनिधीच्या स्वागताचा खर्च नाकारला होता. खर्चाचा आकडा मोठा नव्हता. पण तो पैसा ज्या रयतेकडून येत होता, तिचा प्रतिनिधी म्हणून बोलणारे त्या सभागृहात त्या दिवशी दुसरे कोणी नव्हते.

त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात जोतीरावांनी दारूच्या दुकानांचा प्रश्न हाती घेतला. शहरात अशा दुकानांची संख्या वाढत होती आणि त्यांचे परवाने सरकार देत होते, कारण अबकारी उत्पन्न सरकारच्या तिजोरीत जात होते. नगरपालिकेच्या व्यवस्थापक समितीच्या अध्यक्षांना १८ जुलै १८८० रोजी लिहिलेल्या पत्रात जोतीरावांनी या दुकानांमुळे लोकांच्या नीतीचा आणि आरोग्याचा ऱ्हास होत असल्याकडे लक्ष वेधले. शहराच्या स्वच्छतेवर आणि आरोग्यावर नगरपालिकेने पैसा खर्च करायचा आणि सरकारी परवान्याच्या दुकानांनी तेच आरोग्य पोखरायचे, ही विसंगती त्यांनी नेमकी हेरली होती. एका सरकारी यंत्रणेचे उत्पन्न हे दुसऱ्या यंत्रणेचे ओझे ठरते, हा अनुभव आजच्या पालिकांनाही नवा नाही.

शाळा आधी, इमारत नंतर

ऑक्टोबर १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीरावांनी आपले प्रसिद्ध निवेदन सादर केले. त्याखाली त्यांनी स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर अशी दिली आहे. समाजसुधारक किंवा ग्रंथकार ही बिरुदे तेथे नाहीत. किमान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही मागणी त्यांनी त्या निवेदनात केली. शेतसाऱ्याच्या रूपाने तिजोरी भरते ती रयत, आणि त्या तिजोरीतून उच्च शिक्षण घेतात ते वरच्या थरातील लोक, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. लिटन यांच्या स्वागताला केलेला विरोध आणि आयोगापुढील निवेदन यांतील हिशेब एकच आहे. पुढच्याच वर्षी लिहून पूर्ण झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्येही तो येतो. सरकारी फौजफाट्याच्या हातांनी ताली-बंधारे बांधून पावसाचे पाणी आणि माती शेतातच अडवावी, अशी सूचना त्यांनी त्या ग्रंथात केली.

पुण्याच्या मंडईचा वाद याच हिशेबातून उभा राहिला. पूर्वी भाजीबाजार शनिवारवाड्यापुढील मोकळ्या पटांगणात भरत असे. शुक्रवार पेठेत मोठी दगडी इमारत बांधून तो तेथे हलवावा, असे नगरपालिकेने ठरविले. खर्च लाखांच्या घरात जाणारा होता. जोतीराव आणि त्यांचे मित्र हरी रावजी चिपळूणकर यांनी त्याला विरोध केला. एवढा पैसा हाती असेल तर तो आधी शिक्षणाकडे वळवावा, असा जोतीरावांचा आग्रह होता. फुले-भाजी विकणाऱ्या घराण्यातला माणूस मंडईला विरोध करतो, हे वरकरणी विचित्र वाटेल. परंतु उघड्या पटांगणात टोपली घेऊन बसणाऱ्या विक्रेत्याला पक्क्या गाळ्याचे भाडे किती जड जाते, हे त्या घराण्यातल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. पहाटेच्या लोकलने मोगरा आणि पालेभाज्या दादरला नेणाऱ्या वसई-आगाशीच्या शेतकऱ्यांना ही बाब चटकन पटेल.

या विरोधाला दुसरी बाजू होती, हेही मान्य केले पाहिजे. वाढत्या शहराला स्वच्छ, छपराखालचा बाजार हवाच होता, आणि ती अष्टकोनी मनोऱ्याची इमारत पुढे पुणेकरांच्या अभिमानाचा विषय झाली. १८८६ मध्ये ती खुली झाली तेव्हा गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून तिला रे मार्केट म्हटले गेले. वादात इमारत जिंकली. प्राथमिक शिक्षण सक्तीचे व्हायला मात्र पुण्यासह साऱ्या महाराष्ट्राला पुढे अनेक दशके लागली.

११ मे १८८८ रोजी मुंबईच्या मांडवी कोळीवाड्यातील सभेत जोतीरावांना महात्मा ही पदवी अर्पण करण्यात आली. त्याच वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवा हात निकामी झाला. तरीही 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' त्यांनी डाव्या हाताने लिहून पुरे केले. ते त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले. कधीकाळी मोठी कंत्राटे घेणारा हा माणूस शेवटच्या दिवसांत पैशाच्या विवंचनेत होता. २८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. दत्तकपुत्र यशवंतच्या हक्कावरून भाऊबंदांनी वाद काढला, तेव्हा अंत्ययात्रेत सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे धरले. प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना त्याही १० मार्च १८९७ रोजी गेल्या.

नगरपालिका आणि जोतीराव यांचे नाते मात्र त्यांच्या मृत्यूने संपले नाही. १९२५ मध्ये केशवराव जेधे यांनी पुण्यात जोतीरावांचा पुतळा उभारण्याचा प्रस्ताव नगरपालिकेत मांडला. तो फेटाळला गेला. त्या वादाचे पडसाद 'देशाचे दुश्मन' या पुस्तिकेच्या रूपाने उमटले. प्रकरण न्यायालयात गेले आणि पुस्तिकेच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. ज्या संस्थेत जोतीरावांनी एकट्याने विरोधी मत दिले होते, त्याच संस्थेने त्यांच्या पुतळ्याविरुद्ध बहुमत दिले. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना रे मार्केटचे नाव बदलले आणि ती इमारत महात्मा फुले मंडई झाली. जिच्या खर्चाला जोतीरावांनी विरोध केला, त्याच वास्तूवर त्यांचे नाव लागले.

आज महाराष्ट्रातील अनेक पालिकांच्या सभागृहांत जोतीरावांची तसबीर असते आणि दरवर्षी ११ एप्रिलला तिला हार घातला जातो. त्या हाराचा खर्चही पालिकेच्याच पैशातून होतो. तसबिरीसमोर बसून अंदाजपत्रक मंजूर करणाऱ्या सभासदांपैकी एखाद्याने जरी स्वागत-समारंभाच्या तरतुदीवर बोट ठेवून पालिकेच्या शाळेचे गळके छप्पर दाखविले, तरी १८८० मधल्या त्या एकट्या मताची आठवण सभागृहाला होईल.